हसायचं नाही

"आई, जरा पर्स धर ना," असं म्हणत तिनं पर्स शेजारच्या मांडीवर ठेवली आणि रेनकोटाची बटणं चाचपायला लागली.

"धरतो की," शेजारून आवाज आला. "पण मी आई नाही."

आवाज पुरुषाचा होता, आणि जबर सर्दी झाल्यासारखा गच्च. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. आईच्या रेनकोटासारखाच तपकिरी रेनकोट, त्याच्यावर एक गोल, आणि गोलाच्या मधोमध एक पांढरा ठिपका. याहून जास्त दिसणं शक्यच नव्हतं. तिच्या चष्म्याचा नंबर असा होता की चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस आणि कपाट यांतला फरक दोघांपैकी कुणी बोललं तरच कळे. आणि चष्मा लावायला बंदी होती, कारण तो जिथे ठेवायचा त्या नाकाचं हाड परवाच कापलं होतं.

"अगबाई… सॉरी हं," ती म्हणाली. तिचाही आवाज तसाच गच्च.

"त्यात काय? आई होणं एवढं सोपं असेल तर माझी काही हरकत नाही."

तिला हसू आलं, आणि त्याबरोबर नाकापासून कपाळापर्यंत अशी कळ गेली की तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. शेजारचाही "आई गं…" करून वाकला. स्वतःच्याच विनोदाला हसायला गेला होता बिचारा. त्याचा पांढरा ठिपका म्हणजे तिच्यासारखंच नाकावरचं प्लॅस्टर होतं.

फोटोच्या खोलीचं दार उघडून छोट्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयानं लहान, आवाजानं मोठ्या. "हसायचं नाही!" त्या कडाडल्या. "दोघांनाही सांगून ठेवते. हसायचं नाही, वाकायचं नाही, वाफ घ्यायची नाही, उशाशी दोन उश्या घेतल्याशिवाय झोपायचं नाही. माझे आकडे बिघडतात."

आकड्यांचं प्रकरण असं होतं. मोठे डॉक्टर नाकाचं हाड दोन तऱ्हांनी कापत होते. एक तऱ्हा जुनी, छोटी पटाशी आणि छोटी हातोडी घेऊन. दुसरी नवी. तिच्यात एक बारीक टोक कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगानं थरथरतं, हाड तेवढं कापतं आणि आजूबाजूच्या मऊ मांसाला धक्का लावत नाही म्हणे. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकून ठरे. पेशंटला सांगत नसत, आणि छोट्या डॉक्टरीणबाईंनाही कळू देत नसत. त्यांनी फक्त निळ्या पडद्यासमोर बसवून फोटो काढायचे आणि डोळ्यांखालचं काळंनिळं किती, सूज किती, याला गुण द्यायचे. कुणाचं लवकर ओसरतं, एवढंच ताडून पाहायचं होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" शेजारच्यानं हळूच विचारलं. "तुम्हाला हातोडी की थरथर?"

"मला काय ठाऊक? मी झोपले होते."

"मी पण. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर एवढी मेहनत घेतली आणि मी झोपून राहिलो."

ती हसली नाही. नाक सांभाळून ओठ घट्ट मिटून बसली. पण आई औषधं घेऊन परत आली तेव्हा पर्स त्याच्याच मांडीवर होती, आणि परत मागायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

*

तिला लवकर बरं व्हायचं नव्हतं. सगळ्या पेशंटांत अशी ती एकटीच असावी असा तिचा समज होता.

घरचं चष्म्यांचं दुकान. वडील असताना दोघं मिळून ते चालवत. वडिलांच्या नाकावर मधोमध एक उंचवटा होता, आणि तोच, तसाच तिच्याही नाकावर आला होता. "आपल्या नाकावर फ्रेम कधी घसरत नाही," ते गिऱ्हाइकांना सांगत. "देवानं दुकानात नमुना म्हणून ठेवायला दिलंय." मग वडील गेले. दुकान राहिलं, नाक राहिलं, आणि घाबरलेली आई राहिली. आपण जायच्या आधी मुलीचं काहीतरी मार्गी लागायला हवं, हे एकच तिनं मनात घेतलं. मावशीनं एक स्थळ आणलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं चांगली. त्यांनी फोटो पाहिला आणि फार मऊ शब्दांत विचारलं, "मुलगी गोड आहे हो… नाकाचं तेवढं काही करता येईल का?"

आईनं हो म्हटलं. तिनंही हो म्हटलं. त्या दिवसांत कुणी तिला खिडकीतून उडी मारतेस का विचारलं असतं तरी ती चप्पल कुठे ठेवली ते शोधायला गेली असती, नाही म्हणायचं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं. सूज उतरली की स्थळ घरी यायचं होतं. त्यामुळे घरात रोज सकाळी तिच्या चेहऱ्याकडे सगळे उकळत्या दुधाकडे बघावं तसे बघत.

प्लॅस्टर काढायच्या दिवशी बाहेर नुसती रिपरिप चालली होती आणि हॉस्पिटलात भरदुपारी दिवे लावावे लागले होते. मोठ्या डॉक्टरांनी चिकटपट्ट्या सोडवल्या आणि तिच्या हातात आरसा दिला. अगदी नाकाजवळ धरूनच तिनं तो पाहिला. नाक सरळ होतं, नीटस होतं, कुणाचंही असावं असं होतं.

"छान झालंय," ती बाहेर आली तशी बाकावर बसलेली आई म्हणाली. मग रुमाल काढायला म्हणून पर्सवर वाकली, ती वर येईचना.

"आई? अगं काय झालं?"

"त्यांचं होतं गं ते," आई वाकूनच म्हणाली. "तेवढंच राहिलं होतं. आणि मीच…"

"असू दे," ती म्हणाली. "आता पाहुणे येतील, सगळं छान होईल." आईची पाठ हलत होती, आणि तीही तिला नीट दिसत नव्हती. दुःखात माणसाचा चेहरासुद्धा दिसू नये, याचा तिला भयंकर राग आला. आईच्या हातातली पर्स घसरून खाली पडायच्या बेतात होती. समोरच्या बाकावरून एक तपकिरी रेनकोट उठला.

"आणा, मी धरतो," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही.

*

पुढच्या खेपेला ती एकटीच आली, आणि युक्ती करून आली. चष्म्याला मधोमध चिकटपट्टी लावून तिनं तो कपाळावरून लोंबकळता सोडला होता. नाकावर भार नाही आणि जग जागच्या जागी. दुकानदाराची मुलगी होती शेवटी.

तो कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उंच, सावळा, कानांमागे केस वाढलेले. डोळ्यांखाली जांभळे खळगे.

"काय बघताय?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला. पहिल्यांदाच दिसताय."

"मग? निराशा झाली?"

"जरा जांभळे आहात… बाकी चालून जाईल."

"चालून जाईल!" त्यानं नाकावर हात धरला. "हसवू नका हो. आणि तुम्ही मात्र एकदम बऱ्या झालात. एवढ्यात पिवळं पण गेलं. म्हणजे तुम्हाला नवं यंत्र. मला हातोडी."

तो पाणबुड्या होता. बंदरात बोटींचे तळ तपासायला खाली उतरायचं, हे त्याचं काम. साखळीचा आकडा नाकावर बसला आणि हाड मोडलं. तिनं नाव विचारायच्या आधीच त्याला 'पाणबुडे' म्हणायला सुरुवात केली होती आणि त्यानं तिला 'चष्मे'. आता नावं विचारणं दोघांनाही उगाच औपचारिक वाटलं असतं.

कॉफी पिताना तिनं पुन्हा त्याच्या डोळ्यांखाली पाहिलं. दिवसभर लोकांच्या नाकाडोळ्यांशीच तिचं काम. डाग जुना होत चालला की पिवळट पडतो, एवढं तिला आरशानं शिकवलं होतं. याच्या डोळ्यांखाली पिवळ्यावर पुन्हा ताजं जांभळं चढलं होतं.

"उश्या घेता ना झोपताना? दोन?"

तो कॉफीकडे बघत म्हणाला, "एकही नाही. पालथा झोपतो."

"काय?"

"वाफही घेतो. रोज." आवाज खाली गेला. "कंपनीचा माणूस अधूनमधून फोटो मागवतो. चेहरा असा दिसला की म्हणतो, घे अजून थोडी विश्रांती. चेहरा बरा झाला की… खाली उतरावं लागेल."

"मग? तुमचं कामच आहे ना ते?"

"आकडा लागला तेव्हा मास्कमध्ये रक्त भरलं होतं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. हात पुढे केला तर हात दिसेना. हे मी घरी सांगितलेलं नाही. मित्रांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय तेही कळत नाही. बहुतेक तुमच्या कपाळावर चष्मा लटकतोय म्हणून. तुमच्यापुढे कसली आलीये लाज!"

हात पुढे केला तर हात दिसेना… हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिनं त्याच्या पेल्याशेजारी आपला पेला सरकवला. इतका जवळ की दोन्ही कागदी कडा एकमेकींना लागल्या.

"आणि दुसरंही एक कारण आहे," तो म्हणाला. "बरा झालो की इथे बोलावणार नाहीत. मग पर्स कुणाची धरू?"

तिच्या गालांवर ऊन चढलं, आणि त्याच पावली राग पण आला. "पाणबुडे, तुम्ही मूर्ख आहात. त्या बाई तिथे बसून तुमच्या काळ्यानिळ्याला गुण देतायत. तुमच्या पालथ्या झोपण्याचं खापर कुठल्यातरी हत्यारावर फुटणार. उद्या त्यावरून दुसऱ्या कुणाचं नाक कापतील! जा आणि सांगा खरं."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी तर दोन उश्या घेते."

"ते नाही. त्या दिवशी तुमच्या आई रडत होत्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'असू दे, आता पाहुणे येतील, सगळं छान होईल.' मी समोरच होतो. एवढ्या कोरड्या आवाजात 'छान' म्हणणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. तुम्हाला त्यांनी यायला हवंय?"

यंत्रातून कॉफीचे शेवटचे थेंब पडत होते. तिनं ते सगळे पडू दिले.

"नाही," ती म्हणाली.

कितीतरी महिन्यांनी हा शब्द तिच्या तोंडून निघाला होता. तो इतका लहान असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मग मला सांगून काय उपयोग? मी काय स्थळ आहे?"

"नाही ना," ती म्हणाली, आणि चष्म्याआडून खाली बघत पुढे म्हणाली, "…अजून तरी."

त्यानं नाक धरलं. तिनंही धरलं. दोघं नाक धरून, श्वास कोंडून, न हसता उभे राहिले. छोट्या डॉक्टरीणबाई जवळून गेल्या आणि संशयानं दोघांकडे बघत गेल्या.

*

त्यानं त्याच दिवशी सांगितलं. छोट्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे सगळे फोटो तुलनेतून काढून टाकले आणि त्याला असं फैलावर घेतलं की आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. मोठे डॉक्टर मात्र चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हाला नवं यंत्र लावलं होतं हो. एव्हाना चेहरा स्वच्छ व्हायला हवा होता. चांगल्या यंत्राचं नाव घालवत होता तुम्ही." आणि मग जाता जाता म्हणाले, "तसा फरक पहिल्या दिवसांचाच असतो. पुढे जाऊन कुणाचं कशानं कापलं होतं, ते बघणाऱ्याला सांगताही यायचं नाही."

तिचं सांगणं एवढं सोपं नव्हतं. स्थळ आलं. मुलाच्या आईनं तिला उजेडाकडे बसवलं आणि समाधानानं मान हलवली. "आता कसं! फोटोत उगाच उग्र दिसत होती." मुलगा वाईट नव्हता. तो नाकाकडे बघतही नव्हता, तो मोबाइलकडे बघत होता.

"माफ करा," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्या लांबून आलात. पण मला हे लग्न करायचं नाही."

माणसं गेल्यावर मावशी उसळली. "स्वतःचं नाक कापून घेतलंस आणि आता आमचंही कापलंस!" आई मात्र एक अक्षर बोलली नाही, आणि तेच जड गेलं. त्यानंतर घरात भांड्यांचे तेवढे आवाज येत. आई तिला जेवायला वाढी, दुकानात येऊन गल्ल्यापाशी बसे, पण तिच्या चेहऱ्याकडे बघायची वेळ आली की नजर कपाळावर नेई. आपण वडिलांचा चेहरा पुसून टाकला आणि त्याच्या मोबदल्यात काहीच आणलं नाही, असं मुलीला वाटे. रात्री ती वडिलांचा चष्मा ड्रॉवरमधून काढून लावून बघे. तो घसरून ओठांपर्यंत येई.

नाक मोकळं झालं, आवाज परत आला, हसायची बंदीही केव्हाच उठली. पण हसण्यासारखं त्या घरात काही उरलं नव्हतं.

एका संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी तपकिरी रेनकोट दारात उभा राहिला. डोळ्यांखाली काही नव्हतं. ती क्षणभर त्याला ओळखूच शकली नाही.

"चष्मा हवाय?" तिनं विचारलं.

"नको, मला सगळं स्वच्छ दिसतं. तीच तर पंचाईत आहे." तो काउंटरवर टेकला. "उद्या निघतोय. दूरच्या बंदरात काम आहे. तब्येतीचा दाखला मिळाला."

"अच्छा…" ती म्हणाली. हातातली फ्रेम तिनं दोनदा पुसली. "मला हातोडी होती. काल कळलं."

"हातोडी? आणि एवढ्या लवकर बऱ्या झालात?"

"मला व्हायचं नव्हतं म्हणून झाले असेन. माझं सगळं असंच असतं."

तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता. "हे बाबा?"

"हो. तेच नाक होतं माझं. तुम्ही पाहिलंच नाही. सगळे माझ्याकडे बघतात आणि जुनं नाक आठवतात. तुमच्याकडे आठवायलाच काही नाही. मला आधी बरं वाटायचं ते… आता वाईट वाटतं."

तो फोटोपुढे उभा राहून म्हणाला, "नमस्कार बाबा. ओळख जरा उशिरा झाली." आणि तिच्याकडे वळून, "मी खाली गेलो आणि घाबरलो तर?"

"तर वर या."

"आणि वर आल्यावर?"

"वर आल्यावर… मला फोन कर," ती म्हणाली. 'कर' म्हणून गेली आणि मागे घेतलं नाही. "मला सांग. मी वाट बघतेय असं समज. समज कशाला, बघतेच आहे."

त्यानं तिच्या घसरलेल्या चष्म्याला एका बोटानं हलकेच वर ढकललं. नव्या नाकावर तो सारखा घसरायचा. बोट तिथेच राहिलं… मग तो गेला. रस्त्यावर धुकं होतं, त्यात तपकिरी रंग लगेच विरला.

*

फोन आला तेव्हा आई गल्ल्यापाशी होती आणि ती एका फ्रेमचा स्क्रू आवळत होती. सकाळपासून तिनं तोच स्क्रू आवळला होता.

"आलो वर," तो म्हणाला. मागे वारा घोंघावत होता.

तिनं डोळे मिटले. "घाबरलास?"

"भयंकर. मास्कमध्ये पाणी शिरलं, आणि वाटलं, झालं आता. हात दिसेना. आता ओरडणार, तेवढ्यात डोक्यात कुणीतरी कडाडलं. कोण सांग?"

"कोण?"

"छोट्या डॉक्टरीणबाई! 'हसायचं नाही! वाकायचं नाही! माझे आकडे बिघडतात!' आणि मला तिथे, त्या काळोखात, हसू फुटलं. बुडबुडेच बुडबुडे. वरच्या लोकांना वाटलं, हवेची नळी फुटली. त्यांनी मला खेचून काढलं तर मी हसतोय…"

ती हसली. आधी नाक धरायला हात गेला, सवयीनं, पण दुखलं काहीच नाही. मग ती मोकळी, भरभरून, खुर्चीवर मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. वडील गेल्यापासून त्या दुकानात असा आवाज झाला नव्हता.

गल्ल्यापाशी नाणी सांडल्याचा आवाज आला. आई उठून उभी होती आणि कपाळाकडे नाही, थेट तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"थांब," आई म्हणाली. "तशीच थांब. नाकपुड्या फुगवून… एक डोळा बारीक करून… अगं, ते असेच हसायचे. अगदी असेच." तिनं येऊन मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मी वेडी नाकात शोधत होते."

"हॅलो?" फोनमधून आवाज येत होता. "चष्मे? काय झालं? हसतेयस की रडतेयस?"

तिला बोलता येईना. आईनं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"हसतेय ती," आई म्हणाली. "तुम्ही कोण ते मला नंतर सांगा. आता जे सांगत होता ना, ते पहिल्यापासून पुन्हा सांगा तिला."